कोळशाची मोटार ते मक्याचं पेट्रोल

आपण पंपावर एक लिटर पेट्रोल टाकतो, त्यात आता साधारण २०० मिली इथेनॉल असतं. यावरून मलकापुरात चहाच्या टपरीवर रोज वाद ऐकू येतो. गाडीवाला म्हणतो ॲव्हरेज पडलं, मकावाला म्हणतो शेतकऱ्याला गिऱ्हाईक तर मिळालं. दोघांचंही खरं आहे. पण मित्रांनो, पेट्रोलला पर्याय शोधायची ही काही पहिली वेळ नाही. याआधी तीनदा हे झालंय, आणि तिन्ही वेळा फसलंय. का फसलं ते पाहू.

पहिली वेळ दुसऱ्या महायुद्धातली. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या ताब्यात गेलं आणि ब्रह्मदेशाचं तेल बंद झालं. पेट्रोल रेशनवर आलं. मग मोटारींच्या मागे लोखंडी ड्रम बसले. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, हवा मोजकीच सोडायची. कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायचा, तो गाळून थंड करून इंजिनात जायचा. इंजिन तेच, फक्त खुराक बदलला. पण ताकद बरीच कमी. सकाळी आधी पंखा फिरवून भट्टी पेटवायची, मग गाडी निघणार. चढ आला की प्रवासी खाली उतरणार. रेल्वे मलकापुरात, जिल्ह्याचं ठिकाण वर बुलढाण्यात आणि मधे राजूर घाट. अशा गाडीला हा घाट म्हणजे काय परीक्षा, ते वेगळं सांगायला नको. गॅस विषारी, राख काढायचं काम क्लीनरच्या माथी. युद्ध संपलं, पेट्रोल परत आलं आणि ड्रम भंगारात गेले.

दुसरी वेळ स्वातंत्र्यानंतर लगेच. १९४८ मध्ये पॉवर अल्कोहोल कायदा झाला. साखर कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल करायचं आणि पेट्रोलमध्ये मिसळायचं. कल्पना आजचीच! पण त्याच अल्कोहोलला दारू आणि रसायनांचे कारखाने तयार गिऱ्हाईक होते, आणि १९७३ च्या तेलसंकटापर्यंत आयातीचं तेल स्वस्त होतं. कायदा पुढे मागे पडला. २००० मध्ये तो रद्द झाला, आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी मिरज आणि मनमाडला इथेनॉल मिसळायचा सरकारी प्रयोग सुरू झाला.

तिसरी वेळ पुष्कळांना आठवत असेल: मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा. २००३ च्या सुमारास योजना आली. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय डिझेल पिकणार, असं सांगितलं गेलं. झाड जगलं, पण पाण्याशिवाय बी मनासारखं धरलं नाही. थोडं बी झालं, तर घेणारा जवळ नाही. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिसळायचं ठरलं होतं. ते स्वप्नच राहिलं.

आता चौथी वेळ. जून २०२२ मध्ये देश १० टक्क्यांवर पोहोचला, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे आधी कधी झालं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली आणि मका पुढे आला. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघतं, म्हणजे क्विंटलला ३८ लिटर. मक्याच्या इथेनॉलचा सरकारी दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे. हिशेब करा, क्विंटलमागे अंदाजे २,७०० रुपयांचं इथेनॉल. २०२५-२६ चा मक्याचा हमीभाव २,४०० रुपये. कारखान्याचा खर्च वेगळा, मान्य. पण मक्याचा उरलेला चोथा पशुखाद्य म्हणून विकला जातो, तेही धरा. तो चोथा सोयाबीनच्या पेंडीशी स्पर्धा करतो. म्हणजे मक्याला आधार मिळाला, तरी आपल्याच सोयाबीनवर दाब येतो. जिल्ह्यात दोन्ही पिकं घेणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं.

आणि गाडीवाला? इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या धाटणीच्या चारचाकीचं ॲव्हरेज ६-७ टक्के, दुचाकीचं ३-४ टक्के घटू शकतं. म्हणून असं पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावं, असंही त्यात सुचवलं होतं. ते झालं नाही. आता इथेनॉलच महाग पडतं, असं सरकार म्हणतं. बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळावं म्हणून केलेली याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. परदेशी तेलाचं बिल कमी होत असेल आणि तो पैसा शिवारात येत असेल तर हवंच आहे. पण मागचे तिन्ही पर्याय इंजिनामुळे बुडाले नाहीत. ते चालवणाऱ्याला नाही तर पिकवणाऱ्याला परवडले नाहीत, म्हणून बुडाले. टंचाई होती तोवर लोकांनी सोसलं, टंचाई सरली की सोडून दिलं. हा चौथा टिकवायचा असेल तर दोन साध्या गोष्टी पाहिजेत. बाजार समितीत मका हमीभावाखाली जाऊ नये, आणि कमी पळणाऱ्या पेट्रोलला कमी पैसे पडावेत.

तुमच्या घरात कोणी कोळशाच्या मोटारीतून बुलढाण्याला गेलेलं असेल किंवा मोगली एरंड लावलेला असेल, तर कमेंटमध्ये नक्की लिहा. आणि यंदा तुमचा मका काय भावाने गेला, तेही लिहा.