शाळा उघडल्या, मास्तर कोठून आणावे?



मी व्यवसायाने होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. इतिहास हा माझा छंद, पेशा नव्हे. तरीही व्याख्यानमालेने विषय निवडण्याची मोकळीक दिली, म्हणून आपल्या बडोद्याच्याच शिक्षणखात्यातला एक जुना प्रश्न आज आपणापुढे ठेवतो.

सयाजीराव महाराजांनी मोफत आणि सक्तीचे शिक्षण सुरू केले, हे आपण सर्वांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोग झाला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. शाळा किती निघाल्या, वाचनालये किती झाली, याचा अभिमान आपण बाळगतो आणि तो योग्यच आहे. पण त्या शाळेत फळ्यापाशी उभा राहणारा माणूस कोण होता, तो कोठून आला आणि टिकला की नाही, हे आपण फारसे विचारत नाही. माझ्या मते समतेच्या शिक्षणाची खरी परीक्षा तिथेच होते.

महाराजांच्या हाती १८८१च्या अखेरीस राज्यकारभार आला. लगेच १८८२-८३च्या सुमारास त्यांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या. अंत्यज हा त्या काळच्या सरकारी कागदांतला शब्द. हुकूम निघाला, पैसा मंजूर झाला, मुलांना पाटी-पुस्तके देण्याचीही सोय झाली. अडले ते मास्तरांपाशी. सवर्ण हिंदू शिक्षक त्या शाळांत जाऊन शिकवायला तयार होईनात. अखेर मुसलमान शिक्षक नेमून काम चालवावे लागले. पुढे १९०८ साली महाराजांनी आर्य समाजाचे कार्यकर्ते पंडित आत्माराम अमृतसरी यांना पंजाबातून बोलावून या शाळांची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. त्यांनी शाळांबरोबर वसतिगृहेही उभी केली. मुलगा गुजरातचा, राज्य मराठी आणि त्याला शिकवण्याची व्यवस्था लावायला माणूस आणावा लागला तो अमृतसरहून! यात महाराजांची जिद्द दिसते, तशीच आपल्या पूर्वजांची अढीही दिसते.

पेच असा होता. ज्यांना शिकवता येत होते ते जायला तयार नव्हते, आणि जे जायला तयार झाले असते त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. हे चक्र तोडायचे, तर त्या समाजातूनच शिक्षक घडवणे भाग होते.

हे महात्मा फुल्यांनी फार आधी ओळखले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले, की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून तयार करावेत. असा शिक्षक मुलांत मिसळेल आणि त्यांच्या अडचणी जाणेल. सोवळ्याच्या कल्पनेने दूर राहणाऱ्याला ते जमणार नाही. एवढे सांगून ते थांबले नाहीत. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस रुपये असावा, असेही त्यांनी मांडले. म्हणजे कोणाला नेमावे याच्याच जोडीला, नेमलेला माणूस ताठ मानेने कसा जगेल, याचाही विचार त्यांनी केला होता. पुढच्या वर्षी लिहिलेला त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आपल्या महाराजांनी वेळ काढून ऐकला होता, हे फुल्यांनीच त्या पुस्तकाच्या उपोद्घातात नोंदवले आहे.

नेमणूक झाली आणि पाठबळ नसले तर काय होते, याचे उदाहरण नागपूरकडे सापडते. जाईबाई चौधरी या दलित समाजातल्या बाई. लहान वयात त्यांनी नागपूर स्टेशनवर ओझी वाहिली. मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना शिकवले आणि महिना चार रुपयांवर शाळेत शिक्षिका म्हणून लावले. आपल्या मुलांना अस्पृश्य बाई शिकवते हे कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि जाईबाईंची नोकरी गेली. शिकवायला त्यांना येतच होते. त्यांना तिथे टिकू दिले गेले नाही. त्या मात्र बसून राहिल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळा कन्याशाळा काढली.

आता पुन्हा बडोद्याकडे येऊ. इथली गोष्ट आपल्या अधिक जवळची आणि म्हणूनच अधिक बोचणारी आहे.

कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे मुंबईच्या विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. भीमराव आंबेडकर नावाचा हुशार मुलगा त्यांनी हेरला. त्यांच्याच खटपटीने त्याला आपल्या महाराजांकडून कॉलेजसाठी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एका शिक्षकाच्या नजरेने काय घडू शकते, त्याचा हा नमुना. १९१३ साली महाराजांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता.

सप्टेंबर १९१७मध्ये डॉ. आंबेडकर करार पाळायला बडोद्यात आले. पुढे त्यांना अर्थखात्यात मोठी जागा द्यावी, असा महाराजांचा मानस होता. तूर्त अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांची नेमणूक झाली. शहरात त्यांना राहायला घर मिळेना, म्हणून नाव लपवून ते एका पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना खोली सोडायला लावली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. पहिल्याने सांगितले, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने बायकोला विचारून सांगतो म्हटले, आणि त्यातला नकार त्यांना कळला. गाडीला वेळ होता. तो वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आज सयाजीबागेतल्या त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो आणि तिथे जाऊन हात जोडतो. हात जोडताना एक आठवण ठेवावी. महाराजांचा हुकूम होता, पगार होता, पदवी होती. या शहरात नव्हती ती एक खोली. ती देणे महाराजांच्या नव्हे, घरमालकांच्या हाती होते.

पुढच्याच वर्षी, १९१८ साली, तेच आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राज्यअर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये. त्यांचे व्याख्यान ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी येऊ लागले. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी प्यावे, याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. विद्यार्थ्यांनी शिक्षक स्वीकारला आणि शिक्षकांच्या खोलीने नाकारला, असे हे चित्र आहे.

हे ओळखून कडक उपाय केला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १९१९च्या जानेवारीत त्यांनी शाळा आणि दवाखान्यांसाठी हुकूम काढले. अस्पृश्यांना समानतेने आणि आदराने वागवावे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्यांना पेन्शन मिळणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वसाधारण शाळांत घ्यायला लावले. म्हणजे दार उघडण्याआधी त्यांनी आतल्या माणसांना शिस्त लावली. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

मी स्वतः जैन आहे, म्हणून कोल्हापूरचीच आणखी एक हकिकत मला सांगितलीच पाहिजे. भाऊराव पाटील तिथल्या जैन बोर्डिंगात शिकत होते. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर जेवणाआधी स्नान करावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. अहिंसेचे पाठ घेणाऱ्या घराने त्यांना बाहेर काढले, आणि त्याच मुलाने पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. कर्मवीर शाळा काढून थांबले नाहीत. १९३५ साली त्यांनी साताऱ्यात शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय सुरू केले आणि खेड्यातली मुले तिथून शिक्षक होऊन खेड्यात परतली. १९४० साली साताऱ्यात त्यांनी काढलेल्या हायस्कूलला नाव दिले महाराजा सयाजीरावांचे. आपल्या महाराजांनी ज्यासाठी दूरदूरची माणसे शोधली, ते माणूस घडवण्याचे काम साताऱ्यात झाले.

हाच धडा सातासमुद्रापलीकडेही मिळतो. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केले, म्हणून त्या देशाकडे पाहणे आपल्याला परके नाही. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. निकाल थोरच होता. पण मुले एका शाळेत आली तेव्हा त्यांचे काळे शिक्षक सोबत घेतले गेले नाहीत. पुढच्या दहा-अकरा वर्षांत दक्षिणेकडच्या सतरा राज्यांत सुमारे ३८,००० काळ्या शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. आज तिथल्या सरकारी शाळांत शंभरात सहा-सात शिक्षक काळे आहेत. मुलांत मात्र हे प्रमाण पंधराच्या आसपास आहे. तिथल्याच एका अभ्यासात दिसले, की अतिगरीब काळ्या मुलग्यांना तिसरी ते पाचवीत एक जरी काळा शिक्षक लाभला, तरी पुढे शाळा अर्धवट सोडण्याचे त्यांचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. आपल्यासारखा माणूस फळ्यापाशी उभा पाहिला की मुलाला आपलीही तिथवर मजल जाईल असे वाटते. हे औषध कोणत्याही बाटलीत मिळत नाही.

आपल्याकडे आता राज्यघटनेने नोकरीत राखीव जागा दिल्या आहेत. विद्यापीठांतल्या शिक्षकांच्या राखीव जागा मोजताना प्रत्येक विभाग वेगळा धरावा की संपूर्ण संस्था एक धरावी, असा वाद झाला. विभाग लहान असला की राखीव जागेची पाळीच येत नसे. केंद्रीय संस्थांपुरता तो वाद २०१९ साली संसदेने कायदा करून मिटवला. संस्था एकच धरायची ठरली. तरीही मुलाखतीनंतर “योग्य उमेदवार मिळाला नाही” असा शेरा मारून जागा रिकाम्या ठेवल्याच्या तक्रारी येत राहतात. १८८२ साली मास्तर मिळत नव्हते, तेव्हा निदान कारण खरे होते. आज शिकलेली माणसे दाराशी उभी आहेत.

आणि नेमणूक झाल्यावर? पस्तीस वर्षांच्या दवाखान्यात बदली होऊन आलेले बरेच तरुण शिक्षक माझ्याकडे आले. झोप लागत नाही, पित्त होते, डोके दुखते. लक्षणे लिहून घेताना सावकाश विचारले, की निम्मे दुखणे बाहेर येते: मनासारखे घर मिळत नाही, आडनाव सांगितले की खोली “आत्ताच गेली” असते, शिक्षकांच्या खोलीत डबा एकट्याने खावा लागतो. आमच्या शास्त्रात औषधाबरोबर पथ्य सांगतात. सरकारने नेमणूक केली, हे औषध झाले. पथ्य शेजाऱ्यांनी पाळायचे असते आणि ते पाळले नाही तर औषधाचा दोष नसतो.

श्रोतेहो, आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली मराठी घरे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथे आपल्यापैकी अनेकांचे वाडे आहेत, वरच्या मजल्यावर रिकाम्या खोल्या आहेत. शाळांच्या कार्यकारी मंडळांवर आपली माणसे आहेत. महाराजांचा वारसा सांगण्याचा हक्क आपला आहेच. १९१७च्या सप्टेंबरचाही वारसा आपलाच आहे. मंडळावर असाल, तर मुलाखतीनंतरचा शेरा लिहिण्याआधी कागद पुन्हा वाचा. शाळेत असाल, तर नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी आपल्या डब्याशेजारी बसवा. आणि खोली भाड्याने द्यायची असेल व दाराशी नवा मास्तर आला, तर आडनाव न विचारता भाडे सांगा.