जलरंगी कोलाजचे कूळ

कागदाचे तुकडे एका पृष्ठावर चिकटवून रचलेल्या चित्राला कोलाज म्हणतात आणि या प्रकाराचा जन्म १९१२ साली फ्रान्समध्ये झाला, असे कलेच्या बहुतेक इतिहासांत नमूद असते. त्या वर्षी पाब्लो पिकासो यांनी वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड आपल्या वस्तुचित्रात बसवले, तर जॉर्ज ब्राक यांनी लाकडाचा भास देणाऱ्या भिंतकागदाच्या पट्ट्या कोळशाच्या रेखाटनावर डकवल्या. मात्र हे साहित्य कारखान्यातून तयार होऊन आलेले होते. चित्रकाराने आधी स्वतः जलरंगाने रंगवलेला कागद फाडून किंवा कापून केलेली अमूर्त रचना केवळ त्यांच्याच वंशातली मानली, तर तिचे निम्मे कूळ झाकलेले राहते.

ते कूळ आधी जपानमध्ये दिसते. क्योतोच्या निशी होंगानजी मंदिराने जतन केलेल्या, १११२ च्या सुमाराच्या, छत्तीस कवींच्या काव्यसंग्रहात रंगीत कागद फाडून आणि त्यांच्या कडा एकमेकींवर किंचित चढवून कित्येक पाने सांधलेली आहेत. जपानी कागदाचे तंतू लांब असल्यामुळे फाटलेल्या कडेला बारीक लव सुटते, सांध्याची रेषा डोंगरकडेसारखी वळत जाते आणि काव्याची अक्षरे त्या सांध्यांवरून सहज खाली उतरतात. अक्षरांना आधार देणारा कागद येथे स्वतःच चित्र झालेला आहे. इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी यांनी १७७२ च्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, काळ्या पार्श्वभूमीवर कागदी पाकळ्या चिकटवून फुलांची चित्रे करण्यास आरंभ केला, हवी ती छटा साधण्यासाठी जलरंगाची मदत घेतली आणि सुमारे दहा वर्षांत अशी साडेनऊशेहून अधिक चित्रे पूर्ण केली, जी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

जलरंग म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात खललेली रंगद्रव्ये. त्यांचा थर पारदर्शक असतो, म्हणून प्रकाश त्यातून आरपार जाऊन कागदाच्या पांढरेपणावरून परततो आणि रंगाला आतून उजाळा देतो. रंग तंतूंत खोल मुरू नये यासाठी चांगल्या कागदाला जिलेटिनची खळ दिलेली असते. ओल्या चित्रात दोन रंग भेटले की एकमेकांत उतरतात, परंतु रंगवलेला तुकडा कापून दुसऱ्यावर ठेवला की तो आपले पांढरे अस्तर सोबत घेऊन येतो आणि रंगाचे वाहणे त्याच्या कडेपाशी थांबते. वाहता रंग आणि ठाम कड यांचा हा सामना हेच जलरंगी कोलाजचे खरे वैशिष्ट्य आहे.

ठाम कडेची ही दृष्टी कलेत आणण्यात तांत्रिक रेखाटनाचा मोठा वाटा आहे. एल लिसिट्झकी यांनी डार्मस्टाट येथे वास्तुअभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते, आणि १९१९ पासून त्यांनी केलेल्या ‘प्रौन’ या अमूर्त रचनांत मोजून आखलेल्या आकृत्या पोकळीत तरंगतात. कुर्ट श्विटर्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात हानोवरजवळच्या लोखंडाच्या कारखान्यात यंत्रांची रेखाटने केली आणि युद्धानंतर तिकिटे, वेष्टणे, छापील चिठ्ठ्या यांतून आपले कोलाज उभे केले. याउलट हान्स आर्प यांनी १९३० च्या सुमारास स्वतःचीच जुनी चित्रे फाडून तुकड्यांना नवी मांडणी दिली आणि ली क्रास्नर यांनी १९५३ मध्ये फाडून टाकलेल्या आपल्याच रेखाटनांतून कोलाज घडवले. अपुरे वाटलेले चित्र फाडून त्यातून दुसरे उभे करण्याची ही रीत जलरंगाच्या कागदाला विशेष मानवते, कारण जाड कागद फाडताना रंगीत पृष्ठाखालचा पांढरा गाभा उघडा पडतो आणि न काढलेली एक रेषा चित्राला आपोआप मिळते.

अभियांत्रिकी सोडून या कलेकडे वळणाऱ्याला पदार्थाच्या वर्तनाचे भान येथेही लागते. कागद ओला झाला की तंतूंच्या दिशेपेक्षा आडव्या बाजूला अधिक फुगतो आणि वाळताना आकसतो. वरच्या तुकड्याचे व खालच्या पृष्ठाचे आकसणे जुळले नाही तर चित्र पोक काढते. शिवाय रंगातला डिंक पाण्यात पुन्हा विरघळत असल्याने खळ तुकड्याच्या पाठीला, तीही घट्ट आणि बेताची, लावावी लागते आणि चित्र सुकेपर्यंत शोषक कागदांमध्ये वजनाखाली दाबून ठेवावे लागते.