दायमाबादचा रथ आणि शेंकड्यांतील एक भाग

प्रवरेच्या डाव्या तीरावरील दायमाबाद हें स्थळ अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत आहे. १९७४ सालीं तेथील एका ग्रामस्थास झाडाचें मूळ खणीत असतां चार भरीव ओतीव वस्तु सांपडल्या: बैलजोडी जुंपलेला सारथ्यासह रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकटा रथच ४५ सेंटिमीटर लांबीचा आहे. म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या उत्खननकारांनीं आसपासच्या पुराव्यावरून त्या उत्तर-हडप्पा काळांतील ठरविल्या. डी. पी. अग्रवाल यांनीं मात्र धातूच्या पृथक्करणाकडे बोट दाखविलें. या वस्तूंत सोमल, म्हणजे आर्सेनिक, शेंकडा १ हून अधिक आहे. ताम्रपाषाणयुगांतील इतर वस्तूंत असा मिश्रधातु आढळत नाहीं. सबब त्या ऐतिहासिक काळांतील असाव्यात, असें त्यांचें अनुमान.

शेंकड्यांतील एका भागावर हजारांहून अधिक वर्षांचा वाद उभा राहावा, ही मोठी विलक्षण गोष्ट होय! मग तो एक भाग मोजतात कसा, हें पाहणें प्राप्त आहे.

आज जुन्या वस्तूस ओरखडाहि न काढतां क्ष-किरणांनीं परीक्षा करितां येते. अंथुर्ण्याची एखादी गृहिणी पाटल्या मोडावयास बारामतीस जाते तेव्हां सराफाच्या पेढीवर जी क्ष-किरणांची पेटी दिसते, ती याच जातीची. क्ष-किरण पडले कीं प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठराविक शक्तीचे किरण परत सोडतें. त्यांतील नियम इंग्रज शास्त्रज्ञ मोस्ले यानें १९१३ सालीं दाखवून दिला.

परंतु दोन मूलद्रव्यांचे किरण जवळजवळ सारखेच निघाले तर? सोमलाची मुख्य रेषा १०.५४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर आणि शिशाची १०.५५ वर येते. सामान्य यंत्रास ०.१४ च्या आसपास अंतर असल्यावांचून दोन रेषा वेगळ्या दिसत नाहींत. जुन्या ओतीव कांशांत शिसें तर पुष्कळदा असतें. तेव्हां कच्चा आंकडा वाचणारा शिशालाच सोमल समजेल. अग्रवालांच्या आंकड्यावर हा आक्षेप नव्हे. पण त्या वस्तूंची परीक्षा पुन्हां या यंत्रानें करणारास ही वजाबाकी टळत नाहीं.

उपाय असा. शिशाची दुसरी रेषा १२.६१ वर एकटी उभी असते. सोमल नसलेल्या नमुन्यावर शिशाच्या दोन रेषांचें परस्पर प्रमाण आधीं काढावयाचें, मग वस्तूंतील दुसऱ्या रेषेवरून पहिलींतील शिशाचा वांटा ठरवून तो वजा करावयाचा. उरेल तो सोमल. मात्र नमुना निव्वळ शिशाचा घेतल्यास हिशेब चुकतो, कारण तांबें पहिली रेषा दुसरीहून अधिक गिळतें आणि प्रमाणच पालटतें. नमुना शिसें मिसळलेल्या तांब्याचाच हवा. शिसें फार व सोमल थोडा असेल तर दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकींत लहानसा उत्तरांक बुडून जातो. तेथें सोमलाची ११.७३ वरील दुबळी रेषाच साक्षीस बोलवावी लागते.

एवढ्यानेंहि काम संपत नाहीं. तांब्यांतून हे किरण केंसाच्या जाडीहूनहि कमी खोलीवरून बाहेर येतात. म्हणजे यंत्र वाचतें तें शतकानुशतकें मातींत मुरलेलें हिरवें कवच; आणि त्या कवचांतील शिशाचें व सोमलाचें प्रमाण आंतल्या धातूहून निराळें असूं शकतें. आंतला धातु उघडा करण्यास रथाचा कोठें तरी लहानसा कोपरा खरवडावा लागेल.