माहेर हरवलेले फूल

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही घरची मंडळी कालिंपाँगला गेलो होतो. तिथल्या एका रोपवाटिकेत हिंडता हिंडता मी एका कुंडीपाशी थबकलो. वीतभर उंचीचा लवदार दांडा आणि त्यावर एकच फूल. माथ्यावर पांढरे, जांभळ्या शिरांचे, चुणीदार काठांचे छत्र. दोन्ही बाजूंना म्हशीच्या शिंगांसारख्या खाली वळून टोकाशी वर उचललेल्या पाकळ्या. आणि मधोमध हिरवट पिवळी, इवलीशी सपात!

"हे रानात कुठे सापडते हो?" मी तिथल्या म्हाताऱ्या माळीदादांना विचारले.

ते हसले. म्हणाले, "बाबूजी, दुसरे काहीही विचारा. तेवढे नका विचारू."

उत्तर मला जरा झोंबलेच. पुढे त्या फुलाची कुळकथा वाचली, तेव्हा कळले की म्हातारबुवांचे म्हणणे खरे होते.

हे फूल ऑर्किडच्या, म्हणजे आमरीच्या कुळातले. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी याच गोतातली. पण ती झाडाच्या अंगाखांद्यावर वाढते, तर ही पहाडी आमरी चुनखडीच्या उतारावर, गवताच्या आधाराने मूळ धरते. सिक्कीम, भूतान आणि अरुणाचल हे तिचे माहेर. शास्त्रीय नाव पॅफिओपेडिलम फेरिआनम.

१८५७ साल म्हटले की आपल्याला मीरत, कानपूर आणि झाशी आठवते. त्याच साली लिव्हरपूलच्या फेरी नावाच्या एका हौशी गृहस्थांकडे हे फूल उमलले. आसामकडच्या म्हणून आलेल्या रोपांच्या लिलावातून ते विलायतेत पोचले होते. जॉन लिंडली या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि फेरींचे नाव त्याला दिले. मालकाचे नाव लागले. गावाचे मात्र राहून गेले.

त्या काळी विलायतेत ऑर्किडचे वेडच लागले होते. हौशी लोक ही रोपे तापवलेल्या, दमट काचघरांत ठेवीत. थंड पहाडातल्या झाडांना ती हवा कशी मानवणार? पुढच्या काही दशकांत या फुलाची रोपे एकामागून एक गेली. नवी आणावीत, तर आणायची कुठून? ‘हरवलेले ऑर्किड’ हेच त्याचे नाव पडले. सेंट ऑल्बन्सचे मोठे व्यापारी फ्रेडरिक सँडर यांनी ते शोधून देणाऱ्यास १,००० पौंडांचे बक्षीस लावले.

शेवटी ते सापडले, तेही लढाईच्या धामधुमीत. १९०३-०४ साली यंगहजबंड यांची फौज चुंबीच्या खोऱ्यातून तिबेटात शिरली. त्या मोहिमेच्या काळात सीराइट नावाच्या गृहस्थाच्या दृष्टीस हे फूल भूतानच्या बाजूला पडले. १९०५ साली ही वार्ता विलायतेत पसरली आणि जिथे इतकी वर्षे कोणी फिरकत नव्हते, तिथली रोपे उपटून पेट्या भरून जाऊ लागली. हरवले होते तोवर ते आपल्या डोंगरात सुखरूप होते. सापडले आणि संकटात पडले!

एक रोप उपटले तर काय बिघडते, असे आपल्याला वाटते. पण या झाडाचा संसार फार नाजूक. बी धुळीसारखे बारीक. अंकुराला पुरेल अशी शिदोरी त्यात नसतेच. मातीतल्या विशिष्ट बुरशीने अन्न पुरवले तरच ते रुजते. ही गोष्ट नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली ओळखली. रुजल्यावरही फूल यायला काही वर्षे लागतात. सपातेत शिरलेला कीटक मागच्या अरुंद वाटेने बाहेर पडताना परागकण घेऊन जातो. शेजारी दुसरे फूलच नसेल, तर ते न्यायचे कोणाकडे?

१९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीवाचून, साखर घातलेल्या खळीवर ऑर्किडचे बी रुजवून दाखवले. आज हे फूल जगभरच्या काचघरांत फुलते ते रोपवाटिकांत वाढवलेल्या रोपांमुळे. रानात मात्र ते आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ठरले आहे. त्यापुढची पायरी म्हणजे रानातून नामशेष. १९८९ साली साइटिस कराराने या सर्व सपात-ऑर्किडांच्या रानटी रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केला. आपल्या वन्यजीव कायद्यातही १९९१ च्या दुरुस्तीने त्यांना संरक्षण मिळाले. कायदा हवाच, पण दूरच्या कड्यावर पहारा कोण देणार? तिथे माळीदादांचे मौनच कामी येते. लेक परदेशी राजवाड्यात नांदते आहे, म्हणून तिचे माहेर ओस पडू द्यायचे का?

तो प्रश्न मी कोणत्या तोंडाने विचारावा? लहानपणी थोरल्या दादाबरोबर मीही रानातून सीतेची वेणी ओरबाडून आणली होती आणि परसातल्या आंब्यावर सुंभाने बांधली होती. आई म्हणाली होती, "अरे, तिथेच बरी होती ती." आम्ही ऐकले नाही. दुसरा पावसाळा काही तिने पाहिला नाही.

कालिंपाँगहून निघताना मुलीने माळीदादांकडून, तिथेच बियांपासून वाढवलेल्या एका साध्या आमरीची कुंडी घेतली. सपातेचा पत्ता मी पुन्हा विचारला नाही.