खांद्याचे पाते आणि दोघांचे एकमत

‘हात वर करा’ असे आपण वर्गात दिवसातून कितीदा तरी म्हणतो. हात वर जाताना पाठीवरचे त्रिकोणी हाड, म्हणजे खांद्याचे पाते, बरगड्यांवरून सरकत फिरते. १९४४ साली अमेरिकेत इनमन, सॉन्डर्स आणि अ‍ॅबट यांनी या हालचालीचा हिशेब मांडला. सुरुवातीचे सुमारे ३० अंश सोडले, तर हात १५ अंश उचलला की त्यांतले १० अंश दंडाच्या हाडाचे आणि ५ पात्याचे. पुस्तकांत हे दोनास एक प्रमाण कायमचे बसले, पण माणसे इतकी नेमकी हलत नाहीत.

दवाखान्यात अडचण वेगळीच होती. पाते फिरते, कलते, मागे उचलते, आणि हे सारे कातडी व स्नायूंच्या आड. कातडीवर खूण चिकटवावी तर खालचे हाड तिला सोडून सरकते. मॅक्ल्युअर यांच्या गटाने २००१ साली ८ निरोगी माणसांच्या हाडात चक्क पिना बसवून मोजमाप केले. रुग्णाला हे कसे सांगणार? पाठीचा कणा आणि पात्याचे टोक यांतले अंतर टेपने मोजून पाहिले, पण त्यावरून दुखरा आणि निरोगी खांदा वेगळा ओळखता येईना. उरला डोळा. आणि एकाच पाठीकडे पाहून एक तपासनीस व्यायाम लावणार, दुसरा ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवणार, असे होऊ लागले तर रुग्णाने विश्वास कोणावर ठेवायचा?

किबलर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली चार प्रकार ठरवले: पात्याचे खालचे टोक उठणे, आतली कड उठणे, वरची कड उचकणे, आणि दोन्ही बाजू सारख्या असणे. दोन डॉक्टर व दोन फिजिओथेरपिस्ट यांना २६ जणांची चित्रफीत दाखवली. त्यांचे एकमत ‘कप्पा’ या अंकाने मोजले. नाणे उडवून उत्तरे दिली तरी दोघांची काही उत्तरे जुळतातच. तेवढे योगायोगाचे जुळणे कप्पा वजा करतो. पूर्ण एकमत म्हणजे १, निव्वळ योगायोग म्हणजे ०. येथे आला ०.४. तोच तपासनीस स्वतःशी जुळवला, तरी ०.५!

मॅक्ल्युअर यांच्या गटाने २००९ साली प्रकार कमी केले: नीट, किंचित दोष, उघड दोष. १४२ खेळाडूंच्या हातांत शरीराच्या वजनानुसार १.४ किंवा २.३ किलोची वजने दिली. हात पाच वेळा समोरून, पाच वेळा बाजूने वर. तपासनिसांना आधी एकसारखे प्रशिक्षण. एकमत ७५ ते ८२ टक्के, कप्पा ०.४८ ते ०.६१. २०१३ सालच्या तज्ज्ञांच्या निवेदनाने आणखी छाटले: दोष ‘आहे’ की ‘नाही’, एवढेच.

एकमत झाले, पण कशावर? २०१७ सालच्या एका अभ्यासात, कोणाचा खांदा दुखतो हे ठाऊक नसलेल्या तपासनिसांना दुखणाऱ्या व न दुखणाऱ्या गटांत दोष जवळपास सारखाच दिसला. ज्याला ते ठाऊक होते, त्याला दुखणाऱ्यांत जास्त दिसला.

हे वर्गातही करून पाहता येईल. बनियन घातलेल्या मुलाच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या द्या, पाठीमागे दोघांना उभे करा, आणि एकमेकांना न दाखवता ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायला सांगा. मुलाच्या खांद्याविषयी मात्र त्यावरून काही ठरवू नका.