जिंतूरहून कोर्टाची वाट : हैदराबाद, मुंबई, औरंगाबाद



या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी पुष्कळ येतील, म्हणून मी जरा वेगळा विषय घेतला आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. कायद्याशी माझा संबंध करारनाम्यावर सही करण्यापुरता. पण आपल्या वेळी दहावी झाली की इंजिनिअरिंग, मेडिकल आणि डी.एड. एवढ्याच वाटा घरोघरी बोलल्या जात. वकिलीचे नाव क्वचितच निघे. असे का, या कुतूहलापोटी आपल्या भागातली न्यायालये आणि कायद्याचे शिक्षण यांचा इतिहास वाचत गेले. त्यातून एक गोष्ट ठळकपणे दिसली. जिंतूरच्या माणसाला न्यायालय दोन कारणांनी दूर होते : एक भाषा आणि दुसरे अंतर.

आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८८० च्या दशकात तिथे दरबारची फारसी मागे पडून उर्दू आली आणि कोर्टाचे कामकाज उर्दूत चालू लागले. घरात आणि शेतात मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीचा निकाल त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत लागे. पुढे १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले. तिथे उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू होते आणि इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी खास भाषांतर विभाग होता. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य करायला हवे. मात्र ती भाषा संस्थानातल्या बहुसंख्य प्रजेची नव्हती. मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलखातल्या मुलांना कायदा शिकायचा तर आधी उर्दू पक्की करावी लागे.

ही भिंत ओलांडणारा एक माणूस आपल्याच जिल्ह्यातला. केशवराव कोरटकर यांचा जन्म १८६७ मध्ये वसमत तालुक्यातल्या पूर्जळ गावचा. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आता ते हिंगोलीत आहे. केशवरावांनी गुलबर्ग्याला वकिली केली, मग ते हैदराबादला गेले आणि पुढे तिथल्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मला त्यांचे मोठेपण वाटते ते आणखी एका कारणासाठी. स्वतः उर्दू कोर्टात नाव कमावलेल्या या माणसाने १९०७ मध्ये सहकाऱ्यांसह हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा काढली. आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे, ही त्यामागची तळमळ होती. १९३२ मध्ये ते वारले. शाळेपासून न्यायालयापर्यंतची वाट तयार करावी लागते, हे आपल्या भागात फार लवकर ओळखणाऱ्यांपैकी ते एक होते.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. पण कायदे आणि कागद एका दिवसात बदलत नसतात. १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा मराठवाड्याच्या जमिनींच्या वादात पुढेही लागू राहिला. जमिनीचे जुने काम निघाले की आजही खासरा पत्रक काढावे लागते, आणि एखादा उर्दू कागद निघाला की वाचणारा शोधावा लागतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वाटणीची किंवा कुळाची भांडणे झाली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. भाषेचा प्रश्न बराच सुटला, पण अंतराचा उभा राहिला. आता आपले उच्च न्यायालय मुंबईला होते. विदर्भासाठी नागपूरला खंडपीठ मिळाले. मराठवाड्यात काही नव्हते. जिंतूरला रेल्वे नाही. एसटीने परभणी किंवा सेलू गाठायचे, मीटरगेजच्या गाडीने मनमाडला जायचे आणि तिथे गाडी बदलून मुंबई. वकिलाची फी वेगळी, राहण्याजेवणाचा खर्च वेगळा, आणि एवढे करून पुढची तारीख मिळाली की पुन्हा तोच प्रवास.

हे किती महत्त्वाचे होते, ते येलदरीवरून कळते. पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. आपण तिथे सहली काढल्या, पण ज्यांच्या जमिनी अशा धरणांत जातात, त्यांच्यासाठी ते मोबदल्याचे प्रकरण असते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला कमी वाटला तर वाद जिल्हा न्यायालयात जाई आणि त्यावरचे अपील उच्च न्यायालयात. उच्च न्यायालय मुंबईला असताना दोन-चार एकरवाल्याने अपिलाचा विचार तरी कसा करावा? कागदावरचा अधिकार गाडीभाड्यातच संपून जाई.

ज्या १९५६ मध्ये आपले उच्च न्यायालय मुंबईला गेले, त्याच वर्षी औरंगाबादेत माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय सुरू झाले. दोनच वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ ला, पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. आता कायदा शिकण्यासाठी हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठण्याची सक्ती उरली नाही. पुढची पंचवीस वर्षे औरंगाबादेत एकीकडे वकील तयार होत होते, दुसरीकडे खंडपीठाची मागणी चालू होती. अखेर २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादेत उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. त्यालाही आव्हान मिळाले आणि उच्च न्यायालयाने ती व्यवस्था बेकायदा ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) प्रमाणे राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य न्यायमूर्ती असे ठिकाण ठरवू शकतात, असा निकाल १९८२ मध्ये लागला. २७ ऑगस्ट १९८४ पासून ते कायमचे खंडपीठ झाले. याच कलमाच्या आधारे ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, तेव्हा आपल्या लढ्याची आठवण अनेकांना झाली असेल.

न्यायालय जवळ आले तरी त्यात उभे राहणारी माणसे घडावी लागतात, आणि ती केवळ पुस्तकातून घडत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जून १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ते १८५५ चे, देशातले जुने महाविद्यालय. त्याच्या मासिकात १९३६ मध्ये त्यांनी कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. कायद्याच्या विद्यार्थ्याला पूरक विषयांचेही ज्ञान हवे, असा त्यांचा आग्रह होता. आज विधी महाविद्यालयांच्या बातम्या वाचल्या की त्याच विचाराची रूपे दिसतात. कधी प्राध्यापकांचे किंवा निवृत्त न्यायमूर्तींचे व्याख्यान असते, कधी २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, कधी खेड्यातले कायदेविषयक शिबिर. अभिरूप न्यायालय हा प्रकार तर मला फार आवडला. काल्पनिक खटला देतात, दोन्ही बाजूंनी विद्यार्थी युक्तिवाद करतात आणि न्यायाधीश म्हणून बसलेले लोक मध्येच प्रश्न विचारून त्यांची परीक्षा पाहतात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी तो अभ्यासक्रमाचाच भाग केला आहे. आपल्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत भाव खाणारी मुलेमुली आठवा. त्यांच्यातले किती जण तिथे शोभले असते!

२०१७ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही सुरू झाले. देशभरातली मुले तिथे येतात. अंतर तर आता उरलेच नाही. परंतु भाषेची भिंत नव्या रूपात उभी आहे. या विद्यापीठाच्या प्रवेशाची क्लॅट परीक्षा इंग्रजीत असते. उच्च न्यायालयाचे कामकाजही इंग्रजीत चालते. तालुका आणि जिल्हा न्यायालयांत मराठीला स्थान मिळाले आहे, पण तिथून वर जाणाऱ्या पक्षकाराला स्वतःच्या खटल्याचा युक्तिवाद पुन्हा समजेनासा होतो. केशवरावांच्या काळी उर्दू होती, आता इंग्रजी आहे. म्हणून दोन्ही भाषांत सहज वावरणारा, पक्षकाराला त्याच्या बोलीत नीट समजावून सांगणारा आणि न्यायमूर्तींसमोर इंग्रजीत ठामपणे बोलणारा वकील आपल्या भागाला हवा आहे. असा वकील मराठी शाळेतून आलेला असेल, तर त्याला दोन्हीकडची अडचण कळेल.

यासाठी मेळाव्यानंतर आपण दोन गोष्टी सहज करू शकतो. पहिली, दरवर्षी २६ नोव्हेंबरला शाळेत नववी-दहावीच्या मुलांशी कोणी वकिलाने किंवा कायद्याच्या प्राध्यापकाने बोलावे. आपल्यातले जे या क्षेत्रात गेले, त्यांनी ही जबाबदारी घ्यावी. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, राज्याची सीईटी, क्लॅट, परभणीचे आणि संभाजीनगरचे विधी महाविद्यालय, एवढी माहिती तासाभरात देता येते. एखाद्या मुलीला इंग्रजीची तयारी हवी असेल, तर आठवड्यातून एक तास ऑनलाइन शिकवायला मी तयार आहे, आणखी चार जण मिळाले तर बरे.

दुसरी गोष्ट पालकांसाठी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि इतर काही घटकांना मोफत वकील मिळू शकतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. ही सोय तालुका विधी सेवा समितीमार्फत मिळते. आपल्या गावातल्या किती आयाबहिणींना हे माहीत आहे? शाळेच्या फलकावर एक कागद लावला आणि पालकसभेत दोन मिनिटे सांगितले, तरी तो अधिकार त्यांच्या घरापर्यंत पोहोचेल.