मागच्या अंगणातलं कोर्ट

"काका, सोसायटीच्या इतिहासातलं काहीही लिहा," असा संपादक मंडळाचा निरोप आला. पाणी, लिफ्ट आणि कन्व्हेयन्स यांवर इतर मंडळी लिहितीलच. मी मागच्या अंगणातल्या रबरी कोर्टावर लिहायचं ठरवलं. एक तर त्याची पाळंमुळं आपल्या २५ वर्षांच्या बरीच मागे जातात. दुसरं म्हणजे ते ठेवायचं की काढायचं, हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत यायचा आहे.

टाकाऊ वस्तूंपासून खेळाची जागा करणं ही नवी गोष्ट नाही. आमच्या लहानपणी शेणाने सारवलेल्या अंगणात लंगडी आणि लगोरी रंगायची, आणि लगोरी रचायची ती फुटक्या कौलांची. फ्रेंच ओपनचं रोलाँ गारोस घ्या. तिथलं लाल कोर्ट मातीचं म्हणून ओळखलं जातं, पण वरचा लाल थर म्हणजे विटांची भुकटी, तीही जेमतेम एक-दोन मिलिमीटर. त्याखाली चुनखडी आणि आणखी खाली जळून उरलेल्या दगडी कोळशाचा थर असतो. मात्र त्याची बडदास्त फार. पाणी मारा, झाडा, सारखं करा. तालमीतल्या हौद्याचंही तसंच. लाल मातीत ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती नित्य खणावी लागते. ज्यांच्याकडे माणसांची कमतरता नव्हती, त्यांनाच हे जमे.

आता कोर्टाच्या आकाराची गोष्ट. बॅडमिंटनला एके काळी 'पूना' असं नाव होतं. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्यांनीच तो मायदेशी नेला. १८९३ साली इंग्लंडमध्ये बॅडमिंटन असोसिएशन स्थापन झाली. पुढे १९६५ साली अमेरिकेत, सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड यांच्या घरामागे एक जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं. घरच्यांना खेळायचं होतं, पण धड साहित्य सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकं असलेला प्लास्टिकचा चेंडू घेऊन त्यांनी खेळ सुरू केला. तोच आजचा पिकलबॉल. त्याचंही कोर्ट ४४ फूट बाय २० फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच. त्यामुळे आपली नातवंडं त्याच रेघांत दोन्ही खेळ खेळतात.

आणि रबर? गंधक घालून रबर तापवण्याच्या प्रक्रियेचं पेटंट चार्ल्स गुडइयर यांना १८४४ साली अमेरिकेत मिळालं. त्यामुळे रबर टिकाऊ झालं आणि पुढे टायर आले. पण असं रबर प्लास्टिकसारखं वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाही. म्हणून जुने टायर जाळले तर धूर, साठवले तर त्यांत पाणी आणि डास. बरा मार्ग म्हणजे तार आणि धागा काढून टायर दळायचे, तो भुगा पॉलियुरेथेनमध्ये कालवायचा आणि दाबून फरश्या करायच्या. आपल्या देशात २०२२ पासून जुन्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी नियमानेच टायर उत्पादकांवर आली आहे.

आपलं मागचं अंगण सुरुवातीला नुसता कोबा होता. पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात तडे आणि बारमाही मुलांचे फुटलेले गुडघे. दोन वर्षं सभेत वाद झाला. एक पक्ष पार्किंगचा, दुसरा मुलांचा. शेवटी रबरी फरश्यांवर एकमत झालं, कारण त्या एकमेकींत अडकवून बसवायच्या असतात. उद्या नको वाटल्या तर उचलता येतील, असं सर्वांना सांगण्यात आलं. आधी कोब्याला उतार दिला, पाणी जायला नाली काढली, मग फरश्या. खरं काम खालच्या कोब्याचंच होतं. तो उंचसखल असता तर वरचं रबर कितीही चांगलं असून उपयोग नव्हता.

देखभाल कमी म्हणजे शून्य नव्हे, हे नव्या सभासदांनी ध्यानात घ्यावं. आठवड्याला झाडलोट, पावसाळ्याआधी नालीची सफाई, सुटलेली कड लगेच बसवणं, एवढं पुरतं. दुपारी मात्र रबर तापतं, तेव्हा अनवाणी मुलांना सोडू नये. आरोग्याबद्दलही विचारणा होते. युरोपीय संघाने २०२३ साली कृत्रिम मैदानांत पसरतात त्या सुट्या दाण्यांच्या विक्रीवर आठ वर्षांच्या मुदतीने बंदी ठरवली, कारण ते माती-पाण्यात जातात. आपल्या फरश्यांतला भुगा घट्ट बांधलेला आहे. पण फरशी झिजून भुगा सुटू लागला की ती बदललीच पाहिजे.

आता सभेचा मुद्दा. फरश्या उचलता येतात, याच कारणाने आज काही सभासद त्या उचलून सहा गाड्यांची सोय करा म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. रात्री उशिरा येणाऱ्याला गाडी लावायला जागा मिळत नाही. पण मंजूर नकाशात ती जागा मोकळी दाखवलेली आहे, तो आधी सर्वांनी पाहावा. बँकेत ३४ वर्षं काढल्यामुळे मला हिशेबाची सवय आहे. पार्किंगचा फायदा सहा घरांना, तोही रात्रीपुरता. कोर्टावर सकाळी ज्येष्ठांचं चालणं, संध्याकाळी मुलं, रात्री जेवणानंतर बायकांचं बॅडमिंटन. जिन्यात भेटल्यावर नुसती मान हलवणारी माणसं तिथे एकमेकांना नावाने हाक मारायला लागली, हे मी माझ्या गॅलरीतून पाहिलेलं आहे.

माझी सूचना एवढीच : गाड्यांसाठी समोरच्या बाजूच्या जागेची नव्याने आखणी करावी आणि कोर्टाच्या दुरुस्तीसाठी दरवर्षी थोडी रक्कम वेगळी काढावी. ज्यांना हे पटत नसेल त्यांनीही सभेला यावं आणि आपलं म्हणणं मांडावं. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली आणि मग अर्ध्या तासाने दहा माणसांनी निर्णय घेतला, असं या विषयाचं होऊ नये.